नॅनो-सीटीची इमेज सुधारायची असेल तर आधी सॅम्पल हलायचं थांबवा

नॅनो-सीटी, म्हणजे एक्स-रेनं सॅम्पलच्या आतली अतिबारीक ३डी रचना बघायचं तंत्र, शिकायला आलेली बहुतेक मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, स्कॅन झालाय पण इमेज धुरकट दिसतेय, आता कुठला फिल्टर मारू? मटेरियल्सवाले असोत, जिऑलॉजीवाले असोत नाहीतर फार्मावाले, प्रश्न तोच. आणि मी दरवेळी सांगते की फिल्टरचं नंतर बघू, आधी स्कॅनची पहिली आणि शेवटची इमेज शेजारी शेजारी लावून दाखव. कारण ५०-१०० नॅनोमीटरच्या पातळीवर इमेज बिघडते ती बहुतेक वेळा सॅम्पल हलल्यामुळे. गोंद नीट सेट झाला नव्हता, एसी मधेच बंद पडला, ट्यूब अजून तापायची होती, कारण काहीही असेल, पण आठ-दहा तासांच्या स्कॅनमध्ये सॅम्पल अर्धा मायक्रॉन (५०० नॅनोमीटर) जरी सरकलं तरी जे बघायचं होतं तेच पुसलं जातं आणि ते कुठल्याही फिल्टरनं परत येत नाही.

म्हणून इथे मी ज्या क्रमानं काम करायचं त्याच क्रमानं लिहितेय, आणि मुंबईत काम करणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, कारण आपल्याकडची दमट हवा, एसी आणि रस्त्यावरची खोदकामं यांचा या कामाशी थेट संबंध आहे. अजून मशीनच मिळालं नसेल तर केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल बघा, देशभरातल्या संस्थांची शेअर करता येणारी उपकरणं तिथे शोधता येतात. आणि मशीन कुठलंही असो, त्याचा दरवाजाचा इंटरलॉक (दरवाजा उघडला की एक्स-रे बंद करणारी सोय) कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून बायपास करायचा नाही. एक्स-रे उपकरणांचं नियमन करणारं एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) आपल्या अणुशक्तीनगरलाच आहे, तिथली परवानगी आणि नियम हा कामाचाच भाग समजा.

पार्श्वभूमी अगदी थोडक्यात. सॅम्पल थोडं थोडं फिरवत शेकडो एक्स-रे फोटो काढायचे, त्यांना प्रोजेक्शन म्हणतात, आणि त्यातून गणितानं आतली ३डी रचना काढायची, याला रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. या गणिताचा पाया योहान राडॉननं १९१७ साली घातला, हॉस्पिटलच्या सीटीसाठी हाऊन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. हॉस्पिटलमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं दिसतं, आपल्याला त्याच्या दहा हजारपट लहान बघायचंय. पण गणित दोन्हीकडे एकच गृहीत धरतं की सॅम्पल फक्त फिरलं, बाकी कशानं कुठेही हललं नाही. नॅनोमध्ये हेच गृहीतक सगळ्यात आधी मोडतं.

काय बघायचंय ते आधी ठरवा

स्क्रीनवर वोक्सेल साइज ६५ नॅनोमीटर असं आलं की वाटतं आता ६५ नॅनोमीटरचं छिद्र दिसणार. तसं होत नाही. वोक्सेल म्हणजे ३डी इमेजचा सगळ्यात लहान ठोकळा, त्याची साइज म्हणजे फक्त चौकटीचं माप, त्या चौकटीत खरी माहिती किती आली हे सोर्स, लेन्स, हालचाल आणि नॉइज ठरवतात. माझा साधा हिशोब असा की जे बघायचंय ते निदान तीन-चार वोक्सेल रुंद असायला हवं, तरच त्यावर काही मोजमाप करण्यात अर्थ आहे.

दुसरं म्हणजे जितकं बारीक बघाल तितकी दिसणारी जागा लहान होते. १००० पिक्सेल रुंदीचा डिटेक्टर आणि ६५ नॅनोमीटरचा वोक्सेल म्हणजे सगळी मिळून ६५ मायक्रॉन जागा. सॅम्पल त्याहून मोठं असेल तर त्याचा बाहेरचा भाग काही अँगलला फ्रेममध्ये येतो काहींना येत नाही, मग कडेला उजळ गोल पट्टा उमटतो आणि मधल्या ग्रे व्हॅल्यूंवर (प्रत्येक वोक्सेलच्या करड्या छटेच्या आकड्यांवर) भरवसा ठेवता येत नाही. नुसता आकार बघायचा असेल तर एक वेळ चालेल, डेन्सिटी किंवा पोरॉसिटीचे (सच्छिद्रतेचे) आकडे काढायचे असतील तर सॅम्पल फ्रेममध्ये पूर्ण मावलंच पाहिजे.

तिसरी गोष्ट नवीन लोकांना कुणी सांगत नाही आणि मग वेळापत्रक कोलमडतं. वोक्सेल निम्मा केला आणि इमेजची क्वालिटी तेवढीच ठेवायची म्हटलं तर एक्स-रे १६ पट लागतात. का, तर वोक्सेल निम्म्या जाडीचा झाला म्हणून त्याचा कॉन्ट्रास्ट निम्मा, तो भरून काढायला चौपट फोटॉन, आणि वोक्सेलचं तोंड पाव क्षेत्रफळाचं झालं म्हणून आणखी चौपट. म्हणजे आधी ८ तासात होणारा स्कॅन आता १२८ तास, पाच दिवसांपेक्षा जास्त. इतका वेळ तुम्हाला स्लॉट मिळणार नाही, आणि मिळाला तरी पाच दिवस सॅम्पल स्थिर राहणं अवघड, पॉलिमर किंवा बायोलॉजिकल असेल तर एक्स-रेच्या तेवढ्या डोसनं ते खराबही होईल. त्यामुळे सगळ्यात बारीक सेटिंग लावण्याआधी स्वतःला विचारा, हे खरंच हवंय का? खूपदा एक पायरी मोठा वोक्सेल आणि स्वच्छ इमेज यातून जास्त निघतं.

मशीन कुठल्या प्रकारचं आहे ते विचारून घ्या

लॅबमधली मशीनं ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिल्यात एक्स-रे एका अतिशय लहान ठिपक्यातून निघतात आणि पसरत जातात, सॅम्पल सोर्सच्या जवळ ठेवलं की सावली मोठी पडते. इथे मर्यादा त्या ठिपक्याची. ठिपका ६०० नॅनोमीटरचा आणि मॅग्निफिकेशन २० पट असेल तर सॅम्पलच्या जागी सुमारे ५७० नॅनोमीटरचा धूसरपणा येणारच, मग वोक्सेल २०० ठेवा नाहीतर १०० ठेवा. अशा वेळी ट्यूबची पॉवर कमी करून बघा, ढोबळ नियम असा की एका वॉटला ठिपका साधारण एका मायक्रॉनच्या हिशोबानं वाढतो. पॉवर कमी केली की एक्स-रे कमी येतात, एक्सपोजर वाढवावं लागतं, स्कॅन लांबतो, आणि लांबला की हालचालीची भीती. या कामात प्रत्येक गोष्ट अशी दुसरीत अडकलेली आहे.

दुसऱ्या प्रकारात झोन प्लेट नावाची लेन्स असते, सोन्यासारख्या जड धातूच्या बारीक गोल कड्यांची. तिचं रिझोल्यूशन सगळ्यात बाहेरच्या कड्याच्या रुंदीवर ठरतं, त्या रुंदीच्या १.२२ पट. बाहेरचं कडं ३० नॅनोमीटरचं असेल तर सुमारे ३७ नॅनोमीटर, त्याच्या खाली ही लेन्स जाणार नाही. आणि तिची डेप्थ ऑफ फोकस, म्हणजे जेवढ्या खोलीपर्यंत इमेज स्पष्ट राहते ती, मर्यादित असते. ८ केईव्हीच्या (केईव्ही हे एक्स-रेच्या एनर्जीचं एकक) एक्स-रेला ३० नॅनोमीटरच्या झोन प्लेटची खोली पुढे-मागे मिळून २३ मायक्रॉनच्या आसपास येते. तुमचं सॅम्पल ५० मायक्रॉन जाड असेल तर त्याच्या कडा फिरता फिरता फोकसच्या बाहेर जाणार आणि लोक म्हणणार मशीन खराब आहे.

इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगानं फिरवून प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) इमेजिंगची बीमलाइन आहे, तिथे बीमटाइमसाठी (वापराच्या वेळेसाठी) अर्ज करता येतो. पण तिथला एक्स-रे कितीही जोरदार असला तरी खालच्या सगळ्या गोष्टी तशाच लागू आहेत.

जाडी आणि एनर्जी

सॅम्पलमधून सगळा एक्स-रे आरपार गेला तर कॉन्ट्रास्ट नाही, सगळा अडला तर सिग्नल नाही. ग्रॉडझिन्स यांनी १९८३ साली केलेल्या हिशोबानुसार सगळ्यात चांगला बिंदू साधारण १३-१४ टक्के ट्रान्समिशनला येतो, प्रत्यक्षात सगळ्यात जाड दिशेनं १० ते ३० टक्के मिळाले तरी छान समजा. स्कॅन लावायच्या आधी सॅम्पल पूर्ण गोल फिरवून बघा, सगळ्यात काळं कुठल्या अँगलला दिसतंय ते शोधा आणि तिथलं ट्रान्समिशन वाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. ८ केईव्हीचा एक्स-रे (तांब्याच्या टार्गेटचा) सिलिकॉनमध्ये सुमारे ६६ मायक्रॉन गेल्यावर ३७ टक्के उरतो, लोखंडात तेवढा उरायला फक्त ४ मायक्रॉन पुरतात. म्हणजे १० मायक्रॉन लोखंडातून जेमतेम ९ टक्के बाहेर येईल आणि २० मायक्रॉनमधून १ टक्काही नाही. आणि गंमत अशी की क्रोमियमच्या टार्गेटचा ५.४ केईव्हीचा एक्स-रे एनर्जीनं कमी असूनही लोखंडातून जास्त आरपार जातो, ११ मायक्रॉनच्या आसपास, कारण लोखंडाची के-एज ७.११ केईव्हीला आहे आणि ती ओलांडली की लोखंड एकदम जास्त शोषायला लागतं. त्यामुळे एनर्जी वाढवली की आरपार जाईलच असं धरून चालू नका, सॅम्पलमध्ये कुठली मूलद्रव्यं आहेत आणि त्यांच्या एज कुठे आहेत ते आधी बघा. आपल्या डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टमध्ये लोह-टायटॅनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात, ते ८ केईव्हीला काळेकुट्ट येतात आणि शेजारच्या मिनरलवर स्ट्रीक्स (खोट्या रेघा) टाकतात. बॅटरी कॅथोडवाल्यांनीही लक्षात ठेवा, कोबाल्टची एज ७.७ ला आहे आणि निकेलची ८.३ ला, म्हणजे ८ केईव्ही नेमकी दोघांच्या मधे पडते आणि कोबाल्ट निकेलपेक्षा गडद दिसतो.

पॉलिमर, टिश्यू, पान असलं काही असेल तर उलटी अडचण. २० मायक्रॉनचा पॉलिमर ८ केईव्हीचा जेमतेम एक टक्का अडवतो, मग दिसणार काय? इथे फेज कॉन्ट्रास्ट वापरायचा, म्हणजे एक्स-रे किती अडला याऐवजी त्याची लाट किती मागे-पुढे झाली यावरून इमेज काढायची. ज्या कल्पनेसाठी फ्रिट्स झेर्निकेला १९५३ चं नोबेल मिळालं तीच एक्स-रेमध्ये वापरतात. कडा उठून दिसतात, पण कडेला पांढरी-काळी झालर येते आणि मोठ्या एकसारख्या भागाचा ग्रे आतल्या बाजूला उतरत जातो, त्यामुळे नुसत्या थ्रेशोल्डनं (ग्रेची एक हद्द ठरवून) सेगमेंट करायला, म्हणजे मटेरियल वेगवेगळी करायला, गेलात तर चुकीचे आकडे येतात. शक्य असेल तर फेज आणि अ‍ॅब्सॉर्प्शन असे दोन्ही स्कॅन घ्या.

सॅम्पल बसवणं

इथे घाई करू नका, अर्धी क्वालिटी इथेच ठरते. मी काचेच्या कॅपिलरीचं टोक ज्योतीवर ओढून बारीक करते, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली त्या टोकाला अराल्डाइटचा थेंब स्पर्शापुरता लावते, टोक स्वच्छ स्लाइडवर दोनदा टेकवून जास्तीचा गोंद काढून टाकते, आणि मग ते दाण्याला, म्हणजे सॅम्पलच्या बारीक तुकड्याला, हळूच लावते. गोंदाचा ठिपका दाण्यापेक्षा लहान हवा आणि दाणा टोकाच्या वर उभा हवा, बाजूला लटकलेला नको, म्हणजे गोंद आणि काच फ्रेममध्ये कमीत कमी येतात. बसल्यावर टोक गोल फिरवून सगळीकडून बघा. दाण्याच्या बुडाशी गोंदाची चकचकीत कड सलग दिसली पाहिजे, एका बाजूला फट दिसली तर तो दाणा सोडून द्या आणि दुसरा घ्या.

गोंदाचं नीट ऐका. फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद सच्छिद्र सॅम्पलमध्ये शोषला जातो आणि जी छिद्रं बघायची तीच भरून टाकतो. डबल टेप, प्लॅस्टिसिन, मेण हे सगळं तासन् तास सरकत राहतं, मायक्रो-सीटीला खपून जाईल पण नॅनोला नाही. पाच मिनिटांत सेट होणारा इपॉक्सी हाताला कडक लागतो पण आतून अजून बसत असतो. साधा, हळू सेट होणारा अराल्डाइट घ्या आणि पूर्ण एक दिवस द्या. स्लॉट उद्या सकाळचा असेल तर सॅम्पल आज सकाळीच चिकटलेलं हवं.

बाहेर आलेला दांडा जितका आखूड तितकं बरं. दांड्याची लांबी निम्मी केली की त्याचं वाकणं आठपट कमी होतं. आमचे वर्कशॉपवाले काका आता न सांगताच स्टब (सॅम्पल ज्यावर बसतं तो दांडा) आखूड करून देतात आणि बुडाला सपाट पॅच घासून देतात म्हणजे होल्डरमध्ये तो डुगडुगत नाही.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा इतकी दमट असते की सिमेंट, माती, पान, टॅब्लेट, बहुतेक पॉलिमर हे सगळे बाहेर असताना ओलावा घेऊन बसतात आणि एसीच्या कोरड्या खोलीत आले की सोडायला लागतात, सोडताना आकसतात. स्कॅन चालू असताना आकसले तर संपलं. बसवलेलं सॅम्पल सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा आणि शक्य असेल तर आदल्या रात्रीच मशीनच्या आत ठेवून द्या, म्हणजे सकाळपर्यंत ते तिथल्या हवेला सरावतं. जे सॅम्पल ओलंच बघायचंय ते काचेच्या कॅपिलरीत दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. दुसऱ्या कॉलेजमधून लोकलनं आणणार असाल तर स्टब उभा राहील अशी स्क्रूच्या झाकणाची डबी घ्या, फोम टोकाला लागता कामा नये, आणि डबी बॅगेत न टाकता हातात धरा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढून उघडू नका, वर दव धरतं.

खोली आणि एसी

एक हिशोब करून दाखवते, हा मी प्रत्येक नव्या माणसाला कागदावर करायला लावते. अ‍ॅल्युमिनियमचा होल्डर १५ मिलिमीटर उंच आहे. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात २३ भाग वाढतं. खोलीचं तापमान २ अंशांनी बदललं तर होल्डर ०.६९ मायक्रॉन वाढतो, म्हणजे ६५ नॅनोमीटरच्या वोक्सेलनं मोजलं तर दहा वोक्सेलहून जास्त. तोच होल्डर बोरोसिलिकेट काचेचा केला तर १०० नॅनोमीटर आणि फ्यूज्ड क्वार्ट्झचा केला तर १६-१७ नॅनोमीटर. फक्त दांडा बदलून चाळीसपट फरक, आणि याला खर्चही फार नाही.

तापमान स्थिर ठेवणं हे मात्र मुंबईत भांडून मिळवावं लागतं. एका ठिकाणी संध्याकाळी सहानंतर सेंट्रल एसी बंद व्हायचा आणि रात्रभर लावलेले सगळे स्कॅन बरोबर त्याच वेळेपासून वाकडे यायचे, मशीन कंपनीचा इंजिनियर येऊन गेला, सर्व्हिस झाली, शेवटी कारण एसीचं निघालं. तुमच्या इथे एसी चोवीस तास चालू राहील हे लेखी घ्या. चालू-बंद होत राहणाऱ्या स्प्लिट एसीपेक्षा इन्व्हर्टर एसी बरा, आणि त्याचा झोत मशीनवर थेट नको. मशीनच्या आत एक स्वस्तातला टेम्परेचर लॉगर ठेवा, दर मिनिटाला नोंद करणारा. स्कॅन खराब आला की तो ग्राफ आणि सॅम्पलचा ड्रिफ्ट (हळूहळू सरकणं) एकावर एक ठेवा, दोन्ही एकत्र वर-खाली होताना दिसले तर पुढे शोधायची गरजच नाही.

सॅम्पल ठेवल्यावर दरवाजा लावला आणि लगेच स्टार्ट दाबलं असं करू नका. बाहेरची हवा आत गेलेली असते, तुमच्या हाताची ऊब होल्डरला लागलेली असते. दरवाजा लावून, ट्यूब चालू करून निदान एक-दोन तास थांबा, ट्यूबचं टार्गेट तापून ठिपका एका जागी स्थिरावायलाही तेवढा वेळ लागतो.

व्हायब्रेशनसाठी मशीनच्या आत ग्रॅनाइट आणि आयसोलेटर असतात, तरी जेव्हीएलआरसारख्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) रस्त्यालगत मेट्रोचं काम चालू असेल तर ते जाणवू शकतं. ओळखायचं कसं, तर एका तीक्ष्ण कडेचे खूप लहान एक्सपोजरचे वीसेक फोटो लागोपाठ घ्या. प्रत्येक फोटो तीक्ष्ण आहे पण कड इकडेतिकडे उडतेय तर व्हायब्रेशन, एकाच दिशेनं सरकतेय तर ड्रिफ्ट, आणि प्रत्येक फोटोच धुरकट आहे तर फोकस किंवा सोर्सचा ठिपका बघा. (फारच जलद व्हायब्रेशन असेल तर तेही धुरकटच दिसेल, मग रात्री काम बंद असताना हीच टेस्ट परत करा आणि तुलना करा.)

स्कॅनची सेटिंग

किती प्रोजेक्शन घ्यायची? थिअरी सांगते की सॅम्पल जितके पिक्सेल रुंद त्याच्या १.५७ पट, म्हणजे १००० पिक्सेलला १५७० प्रोजेक्शन १८० अंशांत. दोन तृतीयांश घेतली तरी बहुतेक वेळा भागतं, त्याहून कमी केलीत तर कडांपासून बारीक रेषा फुटायला लागतात.

नॉइज कमी करायचा तर फोटॉन वाढवायला हवेत आणि तिथे वर्गमूळाचा नियम आहे, एक्सपोजर चौपट केलं तर सिग्नल-टू-नॉइज दुप्पट होतो. म्हणून ५ सेकंदांचं ६ करून काही दिसणार नाही, २० करायची तयारी असेल तर फरक दिसेल. सॅम्पल नसताना डिटेक्टर त्याच्या क्षमतेच्या ६०-७० टक्के भरेल इतकं एक्सपोजर धरून सुरुवात करा, सॅच्युरेट मात्र होऊ देऊ नका.

सगळे अँगल एका दमात घेण्यापेक्षा दोन फेऱ्यांत घ्या, पहिल्या फेरीत सम क्रमांकाचे, दुसऱ्या फेरीत मधले विषम. मधेच काही बिघडलं तर अर्धा स्कॅन तरी वापरता येतो, आणि दोन फेऱ्यांची तुलना करून सॅम्पल बदललं का हे कळतं. आणि स्कॅन संपल्यावर लगेच सॅम्पल काढू नका, शून्य, ९०, १८० आणि २७० अंशांचे चार फोटो परत घ्या. मी सुरुवातीला पहिली आणि शेवटची इमेज मागते म्हणाले ती हीच. शून्याच्या दोन इमेज एकमेकींतून वजा करा. करडा सपाट चौकोन आला तर उत्तम, दाण्याच्या कडेला एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काळी रेघ आली तर सॅम्पल त्या दिशेला सरकलंय. एक-दोन पिक्सेलचा ड्रिफ्ट सॉफ्टवेअर निस्तरतं, कारण या चार फोटोंवरून मधल्या प्रोजेक्शनची सरक अंदाजानं काढता येते. पण सॅम्पलचा आकारच बदलला असेल तर सरळ नवीन सॅम्पल लावा.

फ्लॅट आणि डार्क

सॅम्पल नसतानाचा फोटो म्हणजे फ्लॅट, एक्स-रे बंद असतानाचा म्हणजे डार्क. प्रत्येक प्रोजेक्शनमधून डार्क वजा करायचा आणि डार्क वजा केलेल्या फ्लॅटनं भागायचं, मग लॉग (लॉगरिदम) घ्यायचा. चष्म्याच्या काचेवर डाग असला की जिकडे बघाल तिकडे तो दिसतो, तसा फ्लॅटमधला प्रत्येक दोष सगळ्या प्रोजेक्शनमध्ये त्याच जागी बसतो आणि रिकन्स्ट्रक्शनमध्ये त्याचं वर्तुळ होतं. म्हणून एका फ्लॅटवर भागवू नका, वीस-तीस घेऊन सरासरी काढा, स्कॅनच्या आधीही घ्या आणि नंतरही घ्या. एक्सपोजर तेच आणि फिल्टर तोच ठेवा, सॅम्पल फ्रेमच्या पूर्ण बाहेर. लोक वेळ वाचवायला इथेच कात्री लावतात आणि नंतर रिंग काढण्यात दोन दिवस घालवतात.

एवढं करूनही रिंग आल्या तर मशीनमध्ये प्रत्येक प्रोजेक्शनला सॅम्पल किंवा डिटेक्टर काही पिक्सेल सरकवायची सोय आहे का बघा, ती चालू करा. त्यानंतर उरलेल्या रिंग सिनोग्रामवर (सगळ्या प्रोजेक्शनमधली एकच ओळ एकाखाली एक लावलेली इमेज) उभ्या पट्ट्या म्हणून दिसतात, त्या काढायचे फिल्टर टोमोपाय या सॉफ्टवेअरमध्ये तयार आहेत. पण हलक्या हातानं वापरा. जोर लावलात तर अक्षाभोवतीची खरी गोल रचनाही पुसली जाते, दाण्यावरचं कोटिंग बघणाऱ्यांनी तर खास सांभाळा.

रिकन्स्ट्रक्शन

पहिलं काम सेंटर ऑफ रोटेशन, म्हणजे सॅम्पल ज्या अक्षाभोवती फिरलं तो इमेजमध्ये नेमका कुठे आहे ते शोधणं. मधली एकच स्लाइस (आडवा काप) घ्या आणि सेंटर अर्ध्या अर्ध्या पिक्सेलनं सरकवत दहा-पंधरा रिकन्स्ट्रक्शन करून शेजारी लावा. चुकलेल्या सेंटरला लहान ठिपके चंद्रकोरीसारखे दिसतात, कोर एका बाजूला वळलेली असते आणि बरोबर सेंटर ओलांडलं की दुसऱ्या बाजूला वळते, त्यामुळे मधलं ठिकाण सापडतं. मग वरची आणि खालची स्लाइस पण बघा. दोन्हीकडे सेंटर वेगळं येत असेल तर अक्ष तिरका आहे, तो आधी सरळ करा. सॉफ्टवेअरचं ऑटो सेंटर डोळे झाकून घेऊ नका, सॅम्पल सरकलेलं असेल तर तेही फसतं.

अल्गोरिदमबद्दल फार डोकं शिणवू नका. कोन बीमला (शंकूसारखा पसरत जाणारा, पहिल्या प्रकारच्या मशीनचा) १९८४ चा एफडीके, पॅरलल (समांतर) बीमला फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन, बहुतेकांना एवढं पुरतं. प्रोजेक्शन कमी असतील किंवा काही अँगल मिळालेच नसतील तर एसआयआरटीसारखा इटरेटिव्ह (पुन्हा पुन्हा सुधारत जाणारा) प्रकार वापरा, अ‍ॅस्ट्रा टूलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये आहे, फुकट आहे. पहिल्या प्रकारच्या मशीनवर सॅम्पलचा मधला भाग कडेपेक्षा उगाच गडद येत असेल, म्हणजे एकच मटेरियल असून आत-बाहेर ग्रे वेगळा, तर ते बीम हार्डनिंग, ट्यूबसमोर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ फिल्टर लावून बघा. झोन प्लेटवाल्या मशीनवर एक्स-रे जवळजवळ एकाच एनर्जीचा असतो त्यामुळे हा त्रास फारसा होत नाही.

कडांना फेजची झालर असेल तर पॅगानिनची २००२ ची पद्धत चालते, पण त्यातला डेल्टा-बीटाचा (मटेरियल एक्स-रेची लाट किती सरकवतं आणि किती शोषतं यांच्या गुणोत्तराचा) आकडा उगाच वाढवू नका. आकडा वाढला की नॉइज जातो, इमेज मऊ आणि सुंदर दिसते, आणि त्याबरोबर बारीक छिद्रंही जातात. ती पद्धत मुळात एकाच मटेरियलचं सॅम्पल धरून बनवलेली आहे, आणि झेर्निकेच्या डेटावर ती वापरायचीच नाही.

डिनॉइझिंग सगळ्यात शेवटी. फिजी या इमेजच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉन-लोकल मीन्स नावाचा फिल्टर आहे, कडा बऱ्यापैकी जपतो. आधी एका लहान तुकड्यावर चालवा, मग मूळ आणि फिल्टर केलेली इमेज वजा करून बघा. वजाबाकीत नुसता दाणेदार नॉइज दिसला पाहिजे, त्यात तुमच्या दाण्याच्या कडा दिसायला लागल्या तर फिल्टर जास्त झाला. डीप लर्निंगचे डिनॉइझर आता सगळीकडे आहेत आणि दिसायला फार छान देतात, पण दुसऱ्या मटेरियलवर ट्रेन केलेलं मॉडेल तुमच्या सॅम्पलमध्ये नसलेल्या भेगाही रंगवू शकतं, त्यामुळे वजाबाकीची हीच टेस्ट तिथे दुप्पट काळजीनं करा.

सुधारलं का, हे कसं ठरवायचं

डोळ्यानं ठरवू नका, गुळगुळीत इमेज डोळ्याला नेहमी चांगली वाटते. दोन मटेरियलच्या सीमेवर एक रेघ ओढा, ग्रे व्हॅल्यू १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला किती वोक्सेल लागतात ते मोजा. मग हिस्टोग्राम उघडा, दोन मटेरियलचे उंचवटे किती वेगळे झाले ते बघा, ते नीट सुटे असतील तर सेगमेंटेशन सोपं जातं. आणि खरं रिझोल्यूशन सांगायचं असेल तर फुरिए शेल कोरिलेशन करा, सम आणि विषम प्रोजेक्शनची वेगवेगळी दोन रिकन्स्ट्रक्शन करून ती कुठल्या बारकाव्यापर्यंत एकमेकांशी जुळतात ते बघायचं. दोन फेऱ्यांत स्कॅन घेतला असेल तर यासाठी डेटा आयता तयार आहे. तुलना करायच्या सगळ्या सॅम्पलना एक्सपोजर, फिल्टर, डिनॉइझिंग सगळं एकसारखं ठेवा, नाहीतर पोरॉसिटीतला फरक सॅम्पलचा की सेटिंगचा हे कुणीच सांगू शकणार नाही.

डेटा ठेवायची जागा आधीच बघून ठेवा. २००० बाय २००० पिक्सेलची १६०० प्रोजेक्शन १६ बिटमध्ये सुमारे १३ जीबी होतात, आणि त्यातून निघालेला २००० च्या घनाचा ३२ बिटचा व्हॉल्यूम ३२ जीबी. डिस्क भरली की मुलं रॉ प्रोजेक्शन उडवतात आणि व्हॉल्यूम ठेवतात, नेमकं उलटं करा. व्हॉल्यूम परत बनवता येतो. रॉ प्रोजेक्शन, फ्लॅट, डार्क, शेवटचे चार फोटो, टेम्परेचर लॉग आणि गोंद कुठला, किती तास ठेवला, दांडा कशाचा हे लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल, एवढं सगळं एका फोल्डरमध्ये, फोल्डरच्या नावात तारीख आणि सॅम्पल नंबर, आणि दोन वेगळ्या डिस्कवर.